दम्याचे कारण शोधताना रुग्णाचे काम विचारले जावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. माझे घर लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तेथील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, गेली 22 वर्षे हमाली करतात. यंदा प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी 'दम्याची कारणे' हा विषय घेतला, तो अण्णांमुळे. वर्षभर वाचन करताना आणि घरी एक वही भरताना जे लक्षात आले, ते माझ्या प्रकल्पाच्या फाइलीत बंद राहू नये असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

अण्णांना पहिला त्रास झाला तो 6 वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठ दिवस आधी. रात्री दोनच्या सुमाराला ते उठून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकले, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आईने पाठीला तेल चोळले, वाफ दिली. उजाडल्यावर दवाखान्यात नेले. त्यानंतर तीन ठिकाणी दाखवले. तिन्ही ठिकाणी 'दमा आहे, धुळीपासून लांब राहा' असे सांगण्यात आले आणि ते चुकीचे नव्हते. परंतु अण्णा दिवसभर कोणत्या धुळीत उभे असतात, हे तिन्ही ठिकाणी कोणी विचारले नाही. त्यांचे जुने केसपेपर मी अलीकडे पुन्हा पाहिले. एकावर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' असे लिहिले आहे आणि बाकी दोहोंवर तो रकाना कोरा आहे. घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले होते, "धुळीपासून लांब राहायचं म्हणजे हंगाम सोडायचा, आणि हंगाम सोडला तर वर्ष कशावर काढायचं?" त्या वेळी मी दहावीच्या वर्गाची पुस्तके आणली होती, एवढे मला नीट आठवते.

वाचायला सुरुवात केली तेव्हा दम्याला एक कारण असेल आणि ते मला सापडेल, अशी माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात ती मोडली. माणसाला दमा मुळात का जडतो हा एक प्रश्न आहे आणि जडलेला दमा आज रात्री का उफाळला हा दुसरा. पहिल्या प्रश्नात आनुवंशिकता येते, बालपणातले वातावरण येते, आणि एखाद्या पदार्थाशी वर्षानुवर्षे संबंध येऊन शरीराने त्याला शत्रू मानायला शिकणेही येते. दुसऱ्या प्रश्नात सर्दीपडसे, धूर, थंड हवा, परागकण, झुरळे, गादीतल्या धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे किडे, असे पुष्कळ काही येते. आपण बोलताना या दोहोंना सरसकट 'कारण' म्हणतो, आणि मग एकाला हवा बदलली म्हणून बरे वाटले की दुसराही हवा बदलायला निघतो.

या वाचनात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते स्पेनमधील बार्सिलोना शहरातील एका शोधाने. तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे थोडा विस्ताराने लिहिते.

बार्सिलोना हे मोठे बंदर आहे. 1981 पासून तेथे एक विचित्र गोष्ट घडू लागली. एरवी शांत असलेल्या एखाद्या दिवशी अचानक काही तासांत दम्याचे अनेक रुग्ण गुदमरलेल्या अवस्थेत रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात येत, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागे, काही दगावत, आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत होई. अशा 26 लाटा नोंदल्या गेल्या. शहरातल्या प्रदूषणावर संशय घेणे सोपे होते. जोसेप मारिया आंतो, जोर्दी सुन्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र रुग्ण कोठून आले आणि केव्हा आले याच्या नोंदी गोळा केल्या. रुग्णांची ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा ती बंदराच्या जवळ दाटलेली दिसली. मग त्यांनी 1985 आणि 1986 या दोन वर्षांत बंदरात कोणत्या दिवशी कोणत्या जहाजातून कोणता माल उतरला याच्या नोंदी घेतल्या आणि 26 प्रकारचा माल एकेक करून लाटांच्या तारखांशी ताडून पाहिला. त्या दोन वर्षांत लाटेचे 13 दिवस होते. तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते.

सोयाबीन उतरवले त्या प्रत्येक दिवशी लाट आली होती असे नाही, आणि हीच गोष्ट मला फार शिकवून गेली. 'परवाही जहाज लागले होते, तेव्हा काही झाले नाही' असे म्हणून कोणालाही तो संशय झटकून टाकता आला असता. संशोधकांनी हवामानाच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की लाटेच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब जास्त होता आणि बंदराकडून शहराकडे मंद वारा वाहत होता. शहरात बसवलेल्या हवा-नमुना यंत्रांतून सोयाबीनच्या टरफलाच्या पेशी आणि स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आले. सोयाबीन दोन धक्क्यांवर उतरत असे. त्यांपैकी एका धक्क्यावरील एका सायलोच्या, म्हणजे धान्य साठवण्याच्या उंच कोठाराच्या, माथ्यावर धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांचे फिल्टर बसवलेले नव्हते. हा सारा शोध 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. फिल्टर बसवल्यानंतर हवेतली ती धूळ घटली आणि माणसे गुदमरून रुग्णालयात येण्याच्या त्या मोठ्या लाटा थांबल्या. इतक्या माणसांच्या जिवाशी आलेला प्रश्न अखेर कापडी पिशव्यांपर्यंत येऊन सुटला.

'सोयाबीन' हा शब्द वाचला तेव्हा मी महाविद्यालयाच्या वाचनालयात होते. मी वही मिटून घरी फोन लावला आणि अण्णांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्या दिवाळीच्या आधी मोंढ्यात कशाची आवक होती. ते म्हणाले, "दुसरं काय असणार? सोयाबीनच."

आपल्या अनेक वाचकांना मोंढा माहीत आहे, तरी हंगामातला मोंढा आत जाऊन पाहिलेला नसेल. दसऱ्यापासून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने लागतात. आडतीसमोरच्या ओट्यावर माल ओतला जातो, तेव्हा ढिगाऱ्यावरून पिवळट करडी धूळ माणसाच्या उंचीएवढी उठते. मग चाळणी लागते. चाळणीवर बहुधा बायका असतात, तोंडाला पदर बांधलेल्या. खाली काडी, माती, फुटका दाणा आणि टरफल यांचे मातेरे साचते आणि तेही झाडून पुन्हा पोत्यात भरले जाते. पोती भरणे, काट्यावर चढवणे, शिवणे आणि थप्पी लावणे हे हमालांचे काम. हंगामात अण्णा संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या पापण्यांवर ही धूळ बसलेली असते. आई त्यांचा रुमाल वेगळा भिजत घालते आणि पाणी तीनदा बदलावे लागते. बार्सिलोनातल्या धुळीत त्रासदायक ठरलेली प्रथिने मुख्यत्वे सोयाबीनच्या टरफलात असतात, हे मी नंतर वाचले. वाळलेल्या दाण्याचे टरफल सहज सुटते, आणि मोंढ्यातली सारी उलाढाल ही वाळलेल्या दाण्याचीच असते.

त्यानंतर मी एक वही केली. पीक फ्लो मीटर नावाचे एक साधे प्लॅस्टिकचे उपकरण मिळते. त्यात जोराने फुंकले की फुप्फुसातून हवा किती वेगाने बाहेर पडते हे लिटर प्रति मिनिट या मापात कळते. श्वासनलिका आकसली की आकडा घसरतो. माणूस कामावर असताना आणि सुटीवर असताना, असे काही आठवडे, दिवसातून चार वेळा तीन-तीनदा फुंकून त्यांतला मोठा आकडा लिहिला, तर त्रासाचा कामाशी संबंध आहे की नाही हे ओळखायला मदत होते. व्यवसायजन्य दम्याच्या तपासणीत ही पद्धत जगभर वापरली जाते. नोंदी घेण्याचे काम माझ्या धाकट्या भावाने केले. मोंढा बंद असलेल्या दिवाळीच्या पाडव्याला अण्णांचा आकडा 390 होता. मोंढा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो 270 वर आला आणि त्या रात्री त्यांना उठून बसावे लागले. पुढे दोन रविवार लागोपाठ तो चढला आणि दोन्ही मंगळवारी उतरला. भावाने पेन्सिलने काढलेला तो आलेख पाहून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. 6 वर्षे ते स्वतःच्या शरीराला दोष देत होते.

एका माणसाची वही म्हणजे पुरावा नव्हे, याची मला जाणीव आहे. मोंढ्यात सोयाबीनबरोबर माती असते, ओल्या मालावरची बुरशी असते, साठवलेल्या धान्यात वाढणारे माइट असतात, आणि यांतले प्रत्येक दम्याला निमित्त होऊ शकते. अण्णा पूर्वी बिडी ओढत. आमच्या खोलीत दारे लावून डासांची कॉइलही जळत असे. एक कॉइल जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे मोजमाप संशोधकांनी केले आहे; ते वाचल्यावर आम्ही मच्छरदाणी आणली. सोयाबीनला बदनाम करण्याचाही माझा हेतू नाही. आमच्या भागातली निम्मी घरे त्या पिकावर उभी आहेत, त्यांत माझ्या मामाचेही आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की बार्सिलोनात जहाजांच्या नोंदी पाहिल्या गेल्या तशा आमच्या मोंढ्यातल्या आवकेच्या नोंदी आणि दवाखान्यातल्या धापेच्या नोंदी कोणी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या नोंदी आहेतच. बाजार समितीत रोजच्या रोज किती क्विंटल काय आले ते लिहिले जाते. दुसऱ्या नोंदींतला व्यवसायाचा रकाना कोरा आहे.

तारखा न पाहिल्यामुळे माणूस कसा चुकतो, याचे एक उदाहरण आमच्याच घरातले आहे. मृग नक्षत्र लागले की हैदराबादला दम्यासाठी जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळायला देतात. लातूरकडून तेथे दरवर्षी पुष्कळ लोक जातात. अण्णांनाही काकांनी दोन वर्षे नेले. दोन्ही वेळा त्यांना नंतर चांगला महिना-दोन महिने आराम पडला आणि आमच्या घरात त्या औषधावर विश्वास बसला. वहीचे पान जूनपर्यंत गेले तेव्हा मला दिसले, की मृगाच्या सरींनी धूळ बसलेली असते, शेतकरी पेरणीत गुंतलेला असतो आणि मोंढा जवळजवळ रिकामा असतो. हैदराबादला न जाताही यंदा त्या महिन्यांत अण्णांचा आकडा 380 च्या खाली फारसा आला नाही. श्रद्धेने रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांना मी नावे ठेवणार नाही, कारण गुदमरण्याचे भय मी जवळून पाहिले आहे. परंतु आराम कशाने पडला हे आम्ही तेव्हा ताडून पाहिले असते, तर मधली दोन वर्षे फुकट गेली नसती.

धुळीसंबंधी वाचताना मला आणखी एका गोष्टीने बुचकळ्यात टाकले होते. 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर एरिका फॉन म्युटियस या जर्मन बालरोगतज्ज्ञांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील मुलांची तुलना केली. पूर्वेकडची हवा कोळशाच्या धुराने काळवंडलेली होती, तेव्हा दमा तिकडेच जास्त असणार असा साऱ्यांचा अंदाज होता, निघाले उलटे. खोकला आणि ब्राँकायटिस पूर्वेकडे जास्त होता, पण दमा आणि ॲलर्जी पश्चिमेकडच्या म्युनिकमध्ये जास्त आढळली. पुढे 2016 मध्ये अमेरिकेतील आमिश आणि हटेराइट या दोन शेतकरी समाजांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघांचे मूळ युरोपात, खाणेपिणे बरेचसे सारखे. फरक एवढाच, की आमिशांचा गोठा घराला लागून आणि शेती घोड्यांवर, तर हटेराइटांची शेती यंत्रांची आणि गोठे घरापासून दूर. आमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के आणि हटेराइट मुलांत सुमारे 21 टक्के आढळला. गोठ्याच्या धुळीतले जंतूंचे अंश लहान मुलाच्या प्रतिकारशक्तीला वळण लावतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मग माझे अण्णा तर जन्मापासून गोठ्याशेजारी वाढलेले. त्यांना दमा का व्हावा? याचे मला पटलेले उत्तर असे, की धूळ म्हणजे एक वस्तू नव्हे. तान्हेपणी गोठ्यातून येणारी धूळ वेगळी आणि पस्तिशीनंतर दिवसाचे दहा तास तोंडासमोर उडणारी टरफलाची धूळ वेगळी. तिचे प्रमाण वेगळे आणि शरीराचे वयही वेगळे. व्यवसायजन्य दमा तर कित्येकदा धुळीत काही महिने किंवा वर्षे काम केल्यावर, पूर्वी कसलाही त्रास नसलेल्या माणसाला होतो. म्हणूनच 'गावच्या माणसाला असले आजार होत नाहीत' हे आमच्याकडे नेहमी ऐकू येणारे वाक्य मला आता धोक्याचे वाटते.

यात नवे असे काही मी सांगत नाही. चरकसंहितेत श्वासरोगाच्या कारणांत रज आणि धूम, म्हणजे धूळ आणि धूर, यांची नावे आरंभीच येतात. इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर लिहिताना धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या मजुरांचा वेगळा विचार केला होता, आणि वैद्याने रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस' हेही विचारले पाहिजे, असा आग्रह धरला होता. हे वाक्य वाचताना मला तो कोरा रकाना पुन्हा दिसला.

जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के आपल्या देशात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. या तफावतीमागे उपचारांतली हेळसांड मोठी आहे. सूज कमी करणारे, श्वासावाटे घ्यायचे औषध नियमित घेण्याऐवजी धाप लागली की तात्पुरता आराम देणारा पंप मारायचा, आणि 'पंपाची सवय लागते' म्हणून तोही लपवून ठेवायचा, हे आमच्या घरातही 4 वर्षे चालले. मोंढ्यात तर पंप काढणे म्हणजे पोते उचलण्याची ताकद गेली असे मानले जाते, आणि टोळीतून नाव कमी होण्याची भीती खरी असते. आता अण्णांना छातीच्या विकाराच्या एका डॉक्टरांनी वही पाहून औषध बदलून दिले आहे. त्यांना चाळणीजवळचे काम सोडून थप्पीकडचे काम मिळावे म्हणून टोळीतल्या इतरांनी समजूतदारपणा दाखवला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. चाळणीवरच्या बायकांना मात्र असे सरकायला जागा नाही.

महाराष्ट्राने 1969 साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि तो करणाऱ्या राज्याकडून माझी मागणी अवाजवी नाही. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यातील चाळण्यांवर धूळ शोषून पिशवीत साठवणारी साधी यंत्रणा बसवावी. माल ओतण्याच्या जागा झाकलेल्या असाव्यात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हमाल व चाळणीवरच्या स्त्रिया यांच्यासाठी मोंढ्यातच पीक फ्लो तपासणी व्हावी. दवाखान्यांनी व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' न लिहिता कशाची मजुरी ते लिहावे, आणि धाप केव्हा लागली ती वेळ लिहावी. आपल्या दैनिकात रोज बाजारभाव आणि आवक छापली जाते. त्याच पानावर हंगामापुरती, शक्य असेल तेथे, त्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात धापेचे किती रुग्ण आले ही संख्या छापता आली, तर आज एकमेकींपासून दूर असलेल्या या दोन नोंदी पहिल्यांदा एका पानावर येतील.

भावाने आखलेल्या वहीच्या पानाचा कोरा नमुना पत्रासोबत जोडला आहे. त्यात तारीख, वार, त्या दिवशी हाताळलेला माल, चार वेळचे आकडे आणि रात्री उठावे लागले की नाही, एवढेच रकाने आहेत. जागा असल्यास तो छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे
(मूळ गाव लातूर जिल्हा)